डर्टी काऊ: प्रतीवरची रेघ मूळ पानावर

फक्त वाचायची मुभा असलेली फाइल मेमरीत खासगी म्हणून जोडून घेऊन कोणी तिच्यावर लिहू लागला, की लिनक्सचा कर्नल (गाभा) त्याला त्या पानाची खासगी प्रत काढून देतो. पण प्रत काढणे आणि तिच्यावर लिहिणे ही दोन वेगळी पावले. नेमके त्या फटीत त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने 'ही प्रत टाकून द्या' असे सांगितले, की लिखाण मूळ पानावर उतरते. तलाठ्याने सातबाऱ्याची झेरॉक्स पुढे करावी, कोणी ती अलगद काढून घ्यावी आणि खाडाखोड थेट दप्तरात व्हावी, तसे. एका फेरीत जमले नाही तर हजारो फेऱ्या. संगणकाला कुठे कंटाळा येतो? साधा वापरकर्ता असा रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी होतो.

'डर्टी काऊ' नावाचा हा दोष (सीव्हीई-२०१६-५१९५) २००७च्या २.६.२२ आवृत्तीपासूनचा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याआधीच एक दुरुस्ती केली होती, पण एस३९० मेनफ्रेम यंत्रांवरच्या अडचणीमुळे ती मागे घेतली गेली. फिल ओस्टर यांना हल्ला झालेल्या सर्व्हरची वेब वाहतूक तपासताना हा दोष सापडला आणि ऑक्टोबर २०१६मध्ये ठिगळ लागले.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच. २०१७मध्ये 'झेडएनआययू' मालवेअरने हाच दोष वापरला. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत सर्वाधिक बाधित चीन आणि भारतातले. संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारात जुना हँडसेट घेताना सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख बघा. ५ डिसेंबर २०१६च्या आधीची असेल, तर त्यावर बँकेचे ॲप टाकू नका.