वृद्ध रुग्णाची कैफियत

२०१४ सालच्या जानेवारीपासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर वर्दी जाताच धावून येणाऱ्या ९३७ रुग्णवाहिकांची जी व्यवस्था शासनाने उभी केली, तिचे वैशिष्ट्य असे, की गाडीत चालकाबरोबर डॉक्टरही हजर असतो. आणि या डॉक्टरच्या विद्येची खरी परीक्षा अपघातात जखमी झालेल्या तरुणापेक्षा पंचाहत्तरी ओलांडलेल्या अशा वृद्धापाशी होते, ज्याच्याविषयी घरच्यांना 'कालपासून जेवत नाहीत, भलतेसलते बोलतात' याखेरीज काहीच सांगता येत नाही.

तोकडे वाटणारे हे निवेदनच पुष्कळदा सर्वांत मोलाचे ठरते. वार्धक्यात रोग आपल्या परिचित लक्षणांनी प्रकट होईलच असा भरवसा नसतो. न्यूमोनिया असूनही ताप नसतो, खोकला नाममात्र असतो, केवळ बुद्धीला भ्रम पडतो. जुन्या मधुमेह्याला हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत कळ न येता, धाप, मळमळ आणि ग्लानी यांच्या रूपाने येतो. रक्तदाबाचा वरचा आकडा ११० भरला तर तरुणाच्या बाबतीत कोणी काळजी करणार नाही, परंतु ज्याचा तो एरवी १६० असतो त्या वृद्धाच्या बाबतीत आत कोठेतरी रक्तस्राव होत असल्याची ती सूचना असू शकते. आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या नाडीची गती वाढू देत नसल्यामुळे नाडीवर विसंबावे, तर तीही फसवते.

पडण्याचेही तसेच. 'न्हाणीघरात पाय घसरला' एवढी नोंद होऊन सर्वांचे लक्ष खुब्याच्या हाडाकडे जाते, आणि पाय खरोखरच घसरला की उठून उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ आली, हे विचारायचे राहून जाते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला बसलेला किरकोळ मारही काही तासांनी जिवावर बेतू शकतो.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती गोळ्यांच्या पिशवीची. सरकारी दवाखान्यातून मिळालेली एक आणि खाजगी डॉक्टरांनी लिहिलेली दुसरी, अशा दोन निराळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच असते, आणि आजोबा दोन्ही इमानाने घेत असतात. मधुमेहाची गोळी घेतली आणि अन्न पोटात गेले नाही, तर रक्तातील साखर इतकी उतरते, की कधी कधी एक बाजू लुळी पडून पक्षाघाताचाच भास व्हावा. म्हणून बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब तपासण्याचे काम रुग्ण उचलतानाच होणे अगत्याचे असते. ही पिशवी घाईत घरीच राहिली, तर रुग्णालयातल्या डॉक्टरांना अर्धा तपशील अंधारातच शोधावा लागतो.

पक्षाघात खराच असेल आणि तो रक्ताच्या गुठळीमुळे झाला असेल, तर गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत सामान्यतः साडेचार तासांची. ती मोजावयाची रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिले त्या क्षणापासून. मुले पुण्या-मुंबईस आणि आईवडील गावी, अशा घरांत हा क्षण सांगणारा साक्षीदार बहुधा शेजारीच असतो. म्हणून गोळ्यांची यादी, रक्तदाबाचा नेहमीचा आकडा आणि पूर्वीच्या आजारांची टिपणे एका कागदावर लिहून तो शेजाऱ्यालाही ठाऊक असेल अशा जागी लावून ठेवावा. गाडीत चढविताना चष्मा आणि ऐकण्याचे यंत्रही बरोबर द्यावे. कारण परक्या जागी दिसेनासे, ऐकू येईनासे झाले, म्हणजे मूळचा भ्रम आणखी वाढतो, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकणारा रुग्णही मुका ठरतो.