लचका तोडणारा शब्द

कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या तोंडी हल्ली एक इंग्रजी शब्द सारखा असतो : सार्कॅझम. बोलणं आईला लागलं की लेक म्हणते, "अगं, सार्कॅझम होता तो!" आपल्या भाषेत उपरोध, नाहीतर सरळ टोमणा. शब्द कौतुकाचे आणि सूर उलटा. भाजी खारट झाली की "वा, काय चव आहे सूनबाईंच्या हाताला!" म्हणतात ना, तसा.

हा शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस. त्यावरून जे क्रियापद झालं, त्याचा अर्थ कुत्र्यासारखे मांसाचे लचके तोडणं. पुढे त्यालाच कडवट, झोंबणारं बोलणं हा अर्थ आला. लॅटिनमधून 16व्या शतकात तो इंग्रजीत पोचला. हाडा-स्नायूंच्या एका प्रकारच्या कॅन्सरला डॉक्टर 'सार्कोमा' म्हणतात, त्यातही हेच 'मांस' आहे.

आपल्या मराठीलाही हे ठाऊक आहे. टोचून बोलणं, बोचरं बोलणं, जिव्हारी लागणं. शब्दांची जखम आपणही अंगावरच्या जखमेसारखीच सांगतो.

आमच्या गटात हे घडलंय. एक ताई हप्ता घेऊन उशिरा आल्या. कुणीतरी म्हणालं, "या सावकारीणबाई, तुमच्यासाठीच बैठक थांबवलीय!" आम्ही सगळ्या हसलो. पुढच्या दोन्ही बैठकींना ताई आल्या नाहीत, हप्ता लेकीबरोबर पाठवला. आम्ही घरी गेलो तेव्हा कळलं, कापूस वेचणीची मजुरीच त्यांना वेळेवर मिळाली नव्हती. हे त्या बैठकीत सांगणार होत्या, पण आमच्या हसण्यानं शब्द घशातच राहिला.

मग थट्टा करायचीच नाही का? करायची की! थट्टेशिवाय बैठकीला रंग नाही. फक्त जिची थट्टा केली, तिच्याकडे बघायचं. तीही हसली तर ती थट्टा. बाकीच्या हसल्या आणि ती गप्प झाली, तर लचका तुटला समजायचं आणि तिथल्या तिथे "चुकलं, ताई" म्हणायचं.

आता आमच्या गटात कुणाला उशीर झाला, की आम्ही सरळ विचारतो, "ताई, काही अडचण आली का?" त्या ताई परत येऊ लागल्यात. येत्या बैठकीत तुम्हीही असं विचारून बघा.