थर्मल स्कोप निवडताना कोणता आकडा महत्त्वाचा?

अमेरिकेतील टेक्सासमध्ये शेतीची नासाडी करणाऱ्या रानडुकरांची शिकार रात्रीही केली जाते. त्यासाठी वापरला जाणारा थर्मल स्कोप शरीराची उष्णता टिपतो. त्यामुळे काळोखातही जनावर उठून दिसते.

रेंजफाइंडर कशाला? तो लेझरने अंतर मोजतो. १०० मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलची गोळी ३०० मीटरवर बरीच खाली लागते. अंदाज चुकला, तर जनावर जखमी होऊन पळते.

फसगत कुठे होते? जाहिरातीतली ‘डिटेक्शन रेंज’ म्हणजे समोर काहीतरी गरम आहे, एवढेच कळण्याचे अंतर. ते डुक्कर, वासरू की माणूस, हे ओळखण्याचे अंतर त्याहून खूपच कमी असते. खरेदीदाराने आधी तोच आकडा पाहायला हवा.

भारतात मात्र वन्यप्राण्यांच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.