मंत्रचळ : गोळी काय करते, काय करीत नाही

मंत्रचळ हा शब्द आपल्या भाषेत जुनाच आहे. कुलूप लावून चार पावले गेलेला माणूस परतून ते ओढून पाहतो, जातो, पुन्हा येतो. हात स्वच्छ दिसत असूनही साल निघेपर्यंत धूत राहतो. सोवळे पाळणाऱ्यास सोवळ्यात समाधान असते. मंत्रचळ लागलेल्यास ते नसते. आपण करतो ते व्यर्थ आहे हे बहुधा तोच सर्वांआधी जाणतो, पण थांबू शकत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांत शंभरी जवळजवळ एक असे प्रमाण आढळले. जिनिंगमधल्या कामगारास कापसाजवळ ठिणगी तर पडली नाही ना, अशी शंका दर पाच मिनिटांनी येऊ लागली, तर मुकादम त्याला कामचुकारच म्हणणार व हजेरी कापणार.

या विकारावर औषध आहे. क्लोमिप्रामिन हे मूळचे उदासीनतेवरचे औषध. १९६० नंतरच्या दशकात युरोपात त्याचा मंत्रचळावरही गुण दिसू लागला, आणि १९८९ साली अमेरिकेत या विकारासाठी त्यास परवाना मिळाला. पुढे फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन ही औषधे आली. गुण साधारण तेवढाच, त्रास कमी, म्हणून डॉक्टर आधी हीच देतात. मेंदूतील सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर ती काम करतात. परंतु सेरोटोनिन कमी पडले म्हणूनच मंत्रचळ होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता हिशेब रोखठोक मांडू. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना चांगला उतार पडतो. चांगला म्हणजे किती? तीव्रतेच्या मोजपट्टीवर पंचवीस ते पस्तीस टक्के घट झाली की डॉक्टर गुण आला असे म्हणतात. रोग समूळ गेला, असा त्याचा अर्थ नव्हे. तरी ज्याचे रोज चार तास धुण्यात जातात, त्याला एखादा तास परत मिळणे म्हणजे काय, हे रोजंदारीवरच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही.

खरी अडचण वेळेची. मात्रा उदासीनतेपेक्षा बहुधा जास्त लागते व गुण कळण्यास आठ ते बारा आठवडे जातात. मळमळ, झोपेची गडबड, कामेच्छा मंदावणे हे त्रास मात्र पहिल्या पंधरवड्यातच सुरू होऊ शकतात. तोटा आधी, नफा मागाहून! तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडणाऱ्यास मी तरी हट्टी म्हणणार नाही. बारा आठवडे वाट पाहा, हे त्याला आधी कोणी सांगितलेलेच नसते. गुण आल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते. सोडल्यावर विकार पुष्कळदा उलटतो, आणि एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी होते. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, एवढे लोकांनी खुशाल निश्चिंत असावे.

उरलेले काम गोळीचे नव्हे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी रोग्यांस भीतीच्या वस्तूला हात लावावयास सांगून नंतर धुण्यापासून आवरून धरले. हळूहळू भीती ओसरली. ही शिकवणी आज औषधाच्या तोडीची मानली जाते व दोन्ही मिळून अनेकांस अधिक लाभ होतो. पण ती देणारे शिक्षित लोक मोठ्या शहरांत. पांढरकवड्याच्या माणसाने दर आठवड्याची मजुरी बुडवून नागपूर गाठावे काय? म्हणून आपल्याकडे पुष्कळांच्या वाट्यास नुसती गोळीच येते. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मराठीतही मिळतो, तेथून आरंभ करता येईल.

घरच्यांसाठी एक सूचना. 'कडी लावली ना?' या प्रश्नास रात्री दहा वेळा 'हो, लावली' म्हणणे ही माया खरी, पण त्यानेच शंका पोसली जाते. एकदा उत्तर द्यावे. पुढच्या नऊ वेळा काय करावयाचे, ते डॉक्टरांसमोर रोग्याच्या संमतीने आधीच ठरवून घ्यावे.