उपासनेतील शब्दांना संमती कोण देते?

कोल्हापूर (प्रतिनिधी) : ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेत पाळकांचे प्रवचन दर आठवड्याला नवे असते. परंतु उपस्थितांनी एकमुखाने म्हणावयाच्या प्रार्थना, विश्वासाची कबुली, प्रभुभोजनाच्या वेळची वचने आणि गावयाची पदे बहुतांशी पुस्तकातून येतात. प्रवचनातील एखादा विचार न पटल्यास श्रोता तो मनातल्या मनात बाजूला ठेवू शकतो. पुस्तकातील शब्द मात्र त्याला स्वतःच्या मुखाने उच्चारावे लागतात. बाप्तिस्म्यापासून दफनविधीपर्यंत ते त्याच्या सोबतीला असतात. हे शब्द कोण ठरवितो, ते कोण तपासतो आणि कोणाच्या संमतीने ते पुस्तकात येतात, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या प्रश्नाला ख्रिस्ती जगतात एकच उत्तर नाही. लुथरन मंडळ्यांनी त्यासाठी एक रेखीव पद्धत घालून दिली आहे. कोल्हापूरच्या ख्रिस्ती परंपरेचे मूळ लुथरन नसून मुख्यतः अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कार्यात आहे. तरीही लुथरन पद्धत समजून घेतली, की आपल्याकडील उपासनेच्या पुस्तकांचा प्रवासही उलगडू लागतो.

संमती कशासाठी?

माणसे जशी प्रार्थना करतात तसाच त्यांचा विश्वास घडतो, या अर्थाचे एक लॅटिन सूत्र पाचव्या शतकापासून चर्चमध्ये प्रचलित आहे. ॲक्विटेनचा प्रॉस्पर या लेखकाच्या लिखाणात त्याचे मूळ सापडते. धर्मशास्त्राचे ग्रंथ थोडेच लोक वाचतात. पदे आणि प्रार्थना मात्र लहान मुलालाही पाठ होतात. एखादी चुकीची शिकवण ग्रंथात राहिली तर ती कपाटात राहते, पदात राहिली तर ती घराघरांत पोचते. शालेय पाठ्यपुस्तक विषय समिती आणि समीक्षकांच्या हाताखालून गेल्याशिवाय विद्यार्थ्यांपर्यंत जात नाही, त्यामागेही हाच विचार असतो.

याला दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हाती संमती, त्याच्या हाती सत्ता. इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चचे १६६२ चे प्रार्थनापुस्तक कायद्याने बंधनकारक करण्यात आले. त्याची सुधारित आवृत्ती चर्चने तयार केली तेव्हा ब्रिटिश संसदेने ती १९२७ आणि १९२८ अशी दोनदा फेटाळली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, तेव्हा इन्क्विझिशन व धर्माधिकाऱ्यांचा परवाना घ्यावा लागला होता. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाला त्या शतकात आणखी दोन आवृत्त्यांचे भाग्य लाभले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, १६८४ मध्ये, पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. परवाना देणारा हात तो काढूनही घेऊ शकतो, याचे हे उदाहरण.

लुथरन मंडळ्यांची रीत

मार्टिन ल्यूथरने १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाविधी प्रसिद्ध केला. मात्र तो सर्वांवर लादावा असे त्याला वाटत नव्हते. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातील सातव्या कलमात हा विचार स्पष्ट झाला. शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार यांविषयी एकमत असले, की मंडळीच्या ऐक्यास ते पुरेसे आहे. माणसांनी घालून दिलेले विधी सर्वत्र सारखेच असले पाहिजेत असे नाही, असा त्याचा आशय आहे. लुथरन पद्धतीचा पाया येथे आहे. शिकवणीची तपासणी काटेकोर असावी, विधीच्या बाह्य रूपात मोकळीक असावी, अशी ही विभागणी होय.

अमेरिकेतील लुथरन चर्च–मिसूरी सिनॉड या संस्थेने या विभागणीतील पहिल्या भागावर भर दिला. शिकवणीच्या दृष्टीने शुद्ध असलेली उपासनापुस्तके, पदसंग्रह आणि प्रश्नोत्तरीच वापरावी, ही तेथे सदस्यत्वाची अटच आहे. तिच्या अधिकृत प्रकाशनांचे हस्तलिखित सैद्धांतिक समीक्षेसाठी जाते. या व्यवस्थेची मुख्य जबाबदारी सिनॉडच्या अध्यक्षांकडे असते. समीक्षकाचे नाव लेखकाला कळविले जात नाही. समीक्षकाने भाषेचे सौंदर्य अथवा लेखनशैली पाहावयाची नसते. मजकूर पवित्र शास्त्र आणि लुथरन कबुलीजबाबांशी जुळतो काय, त्यात काही संदिग्ध अथवा दिशाभूल करणारे आहे काय, एवढेच त्याने सांगावयाचे असते. निर्णय मान्य नसल्यास दाद मागण्याची सोयही आहे.

नवे उपासनापुस्तक असेल तर प्रवास आणखी लांबतो. प्रथम समित्या पदे, विधी व वाचने यांचा मसुदा करतात. तो निवडक मंडळ्यांत प्रत्यक्ष वापरून पाहिला जातो. अभिप्राय घेऊन दुरुस्त्या होतात. आणि शेवटी मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या अधिवेशनात मतदान होते. सध्याच्या ‘लुथरन सर्व्हिस बुक’ला २००४ च्या अधिवेशनाने संमती दिली आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका ही तेथील दुसरी मोठी संस्था. तिने २००१ नंतरच्या काही वर्षांत प्रायोगिक पुस्तिका काढून मंडळ्यांचा प्रतिसाद घेतला. २००५ च्या महासभेनंतर २००६ मध्ये ‘इव्हँजेलिकल लुथरन वर्शिप’ हे पुस्तक आले. मात्र तेथे पुस्तकाची आज्ञा होत नाही, शिफारस होते.

एका पुस्तकावरून वेगळ्या वाटा

ही पद्धत नेहमीच सुरळीत चालली असे मात्र नाही. मिसूरी सिनॉडच्याच निमंत्रणावरून १९६६ मध्ये विविध लुथरन संस्थांचा संयुक्त उपासना आयोग स्थापन झाला. सर्वांसाठी एकच पुस्तक करावे, हा उद्देश होता. दशकभर प्रायोगिक पुस्तिका निघाल्या. पुस्तक पूर्णत्वास आले तेव्हा १९७७ मध्ये मिसूरी सिनॉडने संमती रोखून स्वतंत्र परीक्षणासाठी समिती नेमली. इतर संस्थांनी १९७८ मध्ये ‘लुथरन बुक ऑफ वर्शिप’ स्वीकारले. मिसूरी सिनॉडने त्यात बदल करून १९८२ मध्ये आपले ‘लुथरन वर्शिप’ काढले. ज्याने आमंत्रण दिले त्याचीच पंगत वेगळी बसली. शिकवणीची तपासणी काम पूर्ण झाल्यावर सुरू झाली, तर केलेले श्रम आणि जुळलेली मने दोन्ही पणाला लागतात, हा धडा त्यातून मिळतो.

भारतातील लुथरन परंपरा १७०६ मध्ये तरंगमबाडी येथे आलेल्या मिशनऱ्यांपासून सुरू होते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाड्यात स्वीडिश मिशनच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मध्य प्रदेशातील लुथरन मंडळीचे मुख्यालय आहे. भारतातील बहुतेक लुथरन मंडळ्यांची एक संयुक्त संस्थाही आहे. परंतु तमिळ, तेलुगू, हिंदी, संताळी अशा भिन्न भाषांत उपासना करणाऱ्या मंडळ्यांना अमेरिकेप्रमाणे एकच पुस्तक पुरेसे होणे कठीण. शिकवण समान आणि रूप आपापले, हे १५३० चे तत्त्व येथे अधिकच उपयोगी पडते.

कोल्हापूरचा वारसा

कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. पुढे हे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळीकडे गेले. प्रेस्बिटेरियन परंपरेत विधीचा क्रम ठरलेला असतो, प्रार्थनेचे शब्द बहुधा पाळक स्वतः योजतात. अँग्लिकन परंपरेत शब्दही छापील असतात. अशा भिन्न रीतीच्या सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोल्हापूर हा त्याचा एक धर्मप्रांत आहे.

येथे संमतीचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. एकत्र आलेल्यांपैकी काही मंडळ्या बालकांना बाप्तिस्मा देत, तर बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स मंडळ्या स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यालाच तो देत. ऐक्याच्या योजनेत दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. कोणाची उपासना चूक हे ठरविण्याऐवजी एका छपराखाली कोणकोणत्या उपासनेला जागा आहे, हे ठरवावे लागले. या संयुक्त मंडळीचे इंग्रजी उपासनापुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ऐक्यानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी.

दक्षिणेत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने याबाबत आधीच वाट दाखविली होती. ऐक्यापूर्वीच्या कोणत्याही उपासनाविधीस मनाई करू नये आणि पाळक व मंडळी यांच्या संमतीवाचून नवा विधी आणू नये, असे त्यांच्या घटनेत नमूद झाले. प्रभुभोजनाचा त्यांचा नवा विधी १९५० मध्ये प्रथम वापरला गेला, संपूर्ण पुस्तक मात्र १९६३ मध्ये आले. वापर आधी आणि पुस्तक नंतर, असा हा क्रम होता.

घाईची संमती

कॅथलिक चर्चमध्ये ही उतरंड अधिक उंच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले. भाषांतर स्थानिक पातळीवर तयार होते, बिशपांची परिषद त्याला मान्यता देते आणि शेवटी ते रोमकडे जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये कायद्यात बदल करून भाषांतराच्या निर्णयात बिशप परिषदांचा वाटा वाढविला; रोमने बहुधा त्या निर्णयाची पुष्टी करावयाची, अशी तरतूद झाली.

भारतातील १९६९ चा अनुभव या संदर्भात बोलका आहे. अंजली मुद्रा, पंचांग प्रणाम, पादत्राणे काढून उपासना, समई, आरती अशा भारतीय रीतींचा समावेश करणाऱ्या बारा मुद्यांना रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मंजुरी दिली. नियमाप्रमाणे सारे रीतसर होते. तरीही अनेक श्रद्धावंतांनी विरोध केला. काहींना त्यात आपल्या निराळेपणाचा लोप दिसला, तर काहींची तक्रार आपल्याला विचारलेच नाही अशी होती. वरच्या पायरीवरील शिक्का खालच्या पायरीवरील तयारीची जागा घेऊ शकत नाही, हे तेव्हा दिसून आले.

मराठी शब्दांची कसोटी

मराठीत उपासनेच्या शब्दांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. प्रॉटेस्टंट मंडळ्या ‘बाप्तिस्मा’ म्हणतात, कॅथलिक ‘स्नानसंस्कार’. एकाकडे ‘प्रभुभोजन’, दुसऱ्याकडे ‘मिस्सा’. एकाकडे ‘मंडळी’, दुसऱ्याकडे ‘ख्रिस्तसभा’. शब्द बदलला की त्यामागची आठवणही बदलते. पंडिता रमाबाईंना रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर व हिंदू धर्मग्रंथांतून आलेल्या संज्ञा खटकल्या. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर स्वतः केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका विदुषीचे हे कार्य अलौकिक होय. तथापि मंडळ्यांच्या उपासनेत रूढ राहिले ते बायबल सोसायटीच्या समितीने केलेले भाषांतर.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पदांचे झाले. त्यांच्यापूर्वी मराठी मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित पदे पुष्कळ गायली जात. कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि त्यांच्यानंतर टिळक यांनी अभंग, ओवी, भजन यांच्या चालीत ख्रिस्ती भक्ती आणली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, परंतु ‘उपासना संगीत’ या पदसंग्रहाच्या रूपाने त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. समितीने पद पुस्तकात घेतले म्हणून ते टिकले, की लोक गात होते म्हणून समितीला ते घ्यावे लागले, हे सांगणे अवघड आहे. उत्तम पदाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात.

पडद्यावरची पदे

आज या साऱ्या व्यवस्थेपुढे नवा प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी पदसंग्रहाची जागा पडद्याने आणि मोबाइलने घेतली आहे. शनिवारी रात्री ऐकलेले गीत रविवारी सकाळी मंडळीच्या तोंडी असते. त्यात उत्साह आहे, तरुणांचा सहभाग आहे. परंतु ते गीत नेमके काय शिकविते, हे तपासण्यास मध्ये कोणी उरत नाही. एकेकाळी समित्यांच्या हाती असलेला निर्णय आता गायकवृंदाच्या प्रमुखाकडे अथवा संगणक चालविणाऱ्याकडे नकळत गेला आहे.

यावर उपाय म्हणून पडदा बंद करण्याची गरज नाही. लुथरन समीक्षक आणि टिळकांचे गायक जे प्रश्न विचारीत आले, ते स्थानिक पातळीवरही विचारता येतात. हे शब्द आपल्या विश्वासाशी जुळतात काय? ते स्पष्ट आहेत काय? आपल्या भाषेत सहज म्हणता येतात काय? आणि ज्यांनी ते म्हणावयाचे, त्यांना विचारले आहे काय? पाळक, एखादा जाणकार वडील आणि एखादा तरुण गायक यांनी आठवड्यातून अर्धा तास एकत्र बसून हे केले, तरी पुष्कळ साधेल. संमतीचा शिक्का कोणाच्याही हाती असो, शब्द अखेर मंडळीलाच उच्चारावयाचे आहेत. ते ओठावर येण्यापूर्वी कोणीतरी एकदा डोळसपणे वाचलेले असावेत, एवढी अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.