गाडी किती देते ते विचारलंत, किती खाते ते विचारलंत का?



गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती देते?" ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, एखादी डिझेल फोर बाय फोर घेऊन टुरिस्टला लावली तर परवडेल का?"

देवळाली कॅम्पात हा विचार डोक्यात येणं साहजिक आहे. थार, स्कॉर्पिओ, बोलेरो या गाड्या इथे नाशिकलाच महिंद्राच्या कारखान्यात तयार होतात. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी कॅम्पात येतात, त्यांना त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, भंडारदरा फिरायचं असतं. काजव्यांच्या दिवसांत तर विचारूच नका. गिऱ्हाईक आहे. प्रश्न आहे तो हिशोबाचा.

आधी डिझेल

कंपनीचा मायलेजचा आकडा चाचणीतला असतो. तुमचा आकडा तुम्हीच काढा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, चार-पाचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत फुल्ल करा आणि भागाकार करा. असं तीन वेळा करून सरासरी घ्या.

मोठी फोर बाय फोर जास्त का पिते? एक तर वजन. पुढच्या चाकांना ताकद देणारी सगळी यंत्रणा टू व्हीलमध्ये चालवतानाही अंगावर असतेच. दुसरं म्हणजे खोक्यासारखा आकार. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हायवेवर ८० आणि ११० मधला फरक थेट टाकीत दिसतो. वर कॅरिअर लावलं की आणखी भर. पार्टी दर्शनाला गेली आणि ड्रायव्हर एसी लावून बसला, तर एक किलोमीटर न चालताही डिझेल जळतं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग पळावी लागते. नुसती लॅम रोडवर भाजी-किराण्याला फिरवली तर फिल्टर तुंबतो आणि खर्च वाढतो.

आता खरा हिशोब

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका. गाडी ऑन रोड १८ लाखांची, कर्ज १२ लाख, सहा वर्षं वापरून ८ लाखांना विकली.

महिन्याचा बांधील खर्च, म्हणजे गाडी दारात उभी असली तरी लागणारा:
- किंमत उतरते ती: १४,०००
- व्याज: ५,५००
- विमा, कर, फिटनेस: ६,५००
- एकूण: २६,००० रुपये

दर किलोमीटरचा खर्च:
- डिझेल (९० रुपये लिटर, १२ चं मायलेज): ७.५०
- टायर (४०,००० चा सेट, ४०,००० किलोमीटर): १
- सर्व्हिस, ब्रेक, क्लच: १.५०
- एकूण: १० रुपये

आता गंमत बघा. गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालली तर खर्च पडतो किलोमीटरला ३६ रुपये. २,५०० चालली तर साधारण साडेवीस. आणि मायलेज १२ वरून १४ वर नेलं तर? वाचतो फक्त एक रुपया सात पैसे! मायलेज सांभाळाच, पण धंदा तारतं ते गाडीचं रनिंग.

लोक फसतात ते इथे

कॅम्पातून भंडारदरा, धरणाला वळसा घालून परत, १८० किलोमीटर धरा. महिन्याला अशा १० ट्रिपा. ट्रिपमागे चालण्याचा खर्च १,८००, बांधील खर्चाचा वाटा २,६००, ड्रायव्हर १,०००. झाले ५,४००, टोल-पार्किंग वेगळं. शेजारचा ४,००० घेतो म्हणून तुम्हीही ४,००० घेतले. डिझेल १,३५० आणि ड्रायव्हर वजा जाता १,६५० हातात राहतात आणि माणूस खूश होतो! प्रत्यक्षात ट्रिपमागे १,४०० चा खड्डा, महिन्याला १४,०००. तो दिसतो हप्त्याच्या तारखेला, टायर बदलताना आणि शेवटी गाडी विकताना.

मग काय करायचं?

१. फोर बाय फोर खरंच लागते का? भंडारदऱ्याला डांबरी रस्ता आहे. पावसाळ्यात मळ्यातली चिखलवाट तुडवायची असेल किंवा ऑफ-रोडचा अनुभवच विकायचा असेल, तर घ्या. नाहीतर टू व्हील ड्राइव्ह बघा. जानेवारी २०२३ मध्ये थारही १.५ लिटर डिझेल आणि मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्ये आली. चार मीटरच्या आतली आणि १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीत बसते, मोठ्या इंजिनाला ४० टक्के. म्हणजे फरक खरेदीच्या दिवसापासूनच पडतो.

२. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून पळवू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्याचा ताण टायर आणि गिअरवर येतो.

३. पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं मारू नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि अख्खी गाडी तुमच्या अंगावर येते. तुमचं मॉडेल भाड्यासाठी पासिंग होतं का, ते बुकिंगच्या आधी आरटीओत विचारा.

४. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. नंबर घेतला असला तरी डिझेलवरच्या कराचं क्रेडिट मिळणार नाही. ते धरूनच रेट काढा.

५. महिन्याला १,५०० किलोमीटरची खात्री नसेल तर गाडी घेऊ नका. गाडीवाल्याशी टाय-अप करा, बुकिंग तुम्ही आणा, कमिशन घ्या. सहा महिन्यांची बुकिंगची वही भरली की तीच वही घेऊन बँकेत जा.

आज रात्री एक काम करा. वहीचं एक पान घ्या, बांधील खर्च डावीकडे, किलोमीटरचा उजवीकडे. तुमच्या गाडीचे आकडे टाका आणि रुपये प्रति किलोमीटर किती येतं ते व्हिडिओखाली कळवा. शोरूमला चक्कर त्यानंतर मारा!