केबलचा डबा आणि डोक्यातला गोंधळ
(लेखमाला : घरातलं तंत्र, भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण गच्चीवरचा अँटेना पाहिला. आज केबलचा डबा घेऊ. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्याच्याबद्दल अजूनही इतके गैरसमज ऐकू येतात की हा भाग लिहिणं मला भागच होतं.

केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. महाराष्ट्रातल्या नऊ शहरांत सोलापूरचंही नाव होतं. दहा लाखांवरच्या शहरांचा टप्पा म्हणून तो जाहीर झाला, पण २०११च्या जनगणनेत सोलापूर होतं साडेनऊ लाखांचं. ‘आपला नंबर इतक्यात कसा लागला?’ हा प्रश्न रास्तच होता.

लोकांना तारीख कळली, पण डबा कशासाठी हे कुणी नीट सांगितलं नाही. म्हणून कुणाला वाटलं, जुना टीव्ही आता भंगारात. तसं काही नव्हतं. पिवळी-पांढरी-लाल पिन लागणारा जुना टीव्हीसुद्धा डब्यावर छान चालतो. एका घरात दोन टीव्ही असतील तर मात्र डबेही दोन लागतात. पूर्वी तारेतून सगळ्या वाहिन्या उघड्या यायच्या, त्यामुळे तार फोडून आतल्या खोलीत नेली तरी चालायचं. डिजिटलमध्ये त्या कुलूपबंद येतात आणि डबा एका वेळी एकच वाहिनी उघडून देतो.

खरा फायदा दोन ठिकाणी झाला. अॅनालॉगमध्ये एक वाहिनी तारेतली जेवढी जागा अडवायची, तेवढ्यात आता दहाहून अधिक मावतात. दुसरा फायदा हिशेबाचा. पूर्वी केबलवाला सांगेल तितकी घरं धरली जायची; वाहिन्यांचे पैसे आणि करमणूक कर त्याच आकड्यावर. डब्याला क्रमांक असतो, म्हणून मोजणी पक्की झाली. माझ्या मते डिजिटलीकरणाच्या कायद्यामागचं मोठं कारण हेच होतं, आणि तेच ग्राहकाला सांगितलं गेलं नाही.

चित्राची तक्रारही समजून घ्या. सिग्नल कमी झाला की पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात, नाहीतर पडदा सरळ काळा होतो. दरवेळी डबाच बिघडलेला नसतो. सैल झालेला जोड आधी तपासावा.

१ फेब्रुवारी २०१९पासून नवे दर आले तेव्हा गोंधळ पुन्हा वाढला. पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये आणि वर कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे तेव्हा पडायचे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. एकभाषिक गावाला हे सोपं गेलं असेल. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू एकाच गल्लीत नांदतात, कधी एकाच घरात. अशा घराला एका भाषेचा संच पुरत नाही, आणि तीन भाषांचे संच घेतले की बिल फुगतं. ही तक्रार अज्ञानातून आलेली नव्हती, ती खरी होती.

तेव्हा डबा नाकारू नका, पण पैसे भरताना पावती घ्या, आपल्या नावावर कुठल्या वाहिन्या चालू आहेत त्याची यादी मागा आणि न पाहिल्या जाणाऱ्या बंद करायला सांगा. महिन्याचे पैसे न भरता चालणाऱ्या डीडी फ्री डिशबद्दल पुढच्या आठवड्यात.